भूल देण्याआधीचा ऑक्सिजन : नव्या रेसिडेंटसाठी पायरीपायरीने

भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हातात येणारी पहिली वस्तू म्हणजे फेस मास्क. ‘तीन मिनिटं ऑक्सिजन दे,’ एवढं सांगून सिनियर औषधं भरायला वळतात. काम सोपं वाटतं. मास्क धरायचा, घड्याळ बघायचं. मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलं ते) पहिल्या काही श्वासांतच १०० दिसू लागतं आणि उरलेला वेळ नुसता थांबण्याचा वाटतो. हात सैल पडतो, मास्कची एक कड उचलली जाते, लक्ष लॅरिंगोस्कोपकडे (घसा बघून नळी घालायच्या साधनाकडे) जातं.

हा लेख त्या तीन मिनिटांबद्दल आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगते: तो १०० आकडा रक्ताबद्दल सांगतो. फुप्फुसं भरली की नाही, ते त्यातून कळत नाही. आणि आपल्याला भरायची असतात ती फुप्फुसं. हे सगळं सिनियरच्या देखरेखीखाली करायचं आहे. लेख वाचून एकट्याने इंडक्शनला, म्हणजे भूल सुरू करायला, उभं राहू नका.

आधी हिशेब समजून घ्या

साधा श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत बरीच हवा उरते. तिला आपण एफआरसी म्हणतो. प्रौढ माणसात ती दर किलोला साधारण ३० मिली धरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसात दोन ते अडीच लिटर. साध्या हवेवर असलेल्या माणसाच्या या साठ्यात मुख्यतः नायट्रोजन असतो. ऑक्सिजन जेमतेम १४ टक्के, म्हणजे ३०० ते ३५० मिली. शरीर मिनिटाला सुमारे २५० मिली ऑक्सिजन वापरतं. औषध दिलं, श्वास थांबला, की मिनिटभरात सॅच्युरेशन घसरू लागतं ते यामुळे.

आता हाच नायट्रोजन बाहेर काढून त्या जागी ऑक्सिजन भरला, तर साठा दोन लिटरच्या घरात जातो. निरोगी प्रौढाला श्वास थांबल्यापासून सॅच्युरेशन ९० वर यायला मग आठेक मिनिटं मिळतात. ही आठ मिनिटं कुणाच्या तरी श्वासनलिकेत नळी घालणं अवघड निघतं त्या दिवसासाठी असतात, आणि तो दिवस कोणता ते आदल्या रात्री कळत नाही. म्हणून सोप्या दिसणाऱ्या केसलाही हे पूर्ण करायचं.

पाणी जाणार असलं की आपण टाकी भरून ठेवतो. नळाला धार आहे म्हणजे टाकी भरली, असं होत नाही. पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून सॅच्युरेशन मोजणारं यंत्र, तुम्हाला नळाची धार दाखवतो.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाका. ‘स्कोलीन दिलंय, नळी नाही गेली तर पाच मिनिटांत उतरेल आणि पेशंट स्वतः श्वास घेईल,’ असं पुष्कळदा ऐकू येतं. (स्कोलीन म्हणजे सक्सिनिलकोलीन, स्नायू थोडा वेळ लुळे करणारं औषध.) बेनुमॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये गणिती प्रारूप मांडून दाखवलं, की दर किलोला १ मिलिग्रॅम स्कोलीननंतर स्नायूंची ताकद पुरेशी परत येण्याआधीच बहुतेकांचं सॅच्युरेशन धोकादायक पातळीवर गेलेलं असतं. स्थूल माणसात तर तीन मिनिटांच्या आतच. म्हणजे स्कोलीन हा बचाव नाही. बचाव आधी भरलेल्या ऑक्सिजनचा आहे.

हाताशी काय हवं

- चेहऱ्याला बसेल असा मास्क, शिवाय एक माप लहान आणि एक मोठा
- तपासलेलं भूलयंत्र आणि सर्किट (यंत्र आणि मास्क जोडणाऱ्या नळ्या आणि बॅग): क्लोज्ड सर्किट (सोडलेला श्वास शुद्ध करून परत फिरवणारं) किंवा बेन, लहान मुलांसाठी जॅक्सन रीस
- मुख्य पाइपलाइन आणि भरलेला राखीव सिलिंडर
- कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आलेखात दाखवणारं यंत्र), आणि असेल तर श्वासातला ऑक्सिजन मोजणारा गॅस मॉनिटर
- पल्स ऑक्सिमीटर, त्याचा आवाज चालू ठेवून
- नेझल प्रॉन्ग्ज (नाकपुड्यांत बसणारी ऑक्सिजनची नळी) आणि त्यांच्यासाठी ऑक्सिजनचा वेगळा फ्लोमीटर (हा हमखास विसरतो)
- सुरू असलेलं सक्शन
- अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), रिझर्व्हायरसह
- डोक्याखाली आणि खांद्याखाली घ्यायला चादरी किंवा उशा
- भूलपूर्व तपासणीचा कागद, संमतिपत्र, उपाशी असल्याची वेळ, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट

हिमोग्लोबिनचा कागद मुद्दाम यादीत घातला आहे. आपल्याकडे सहा-सात हिमोग्लोबिनच्या बायका रोज टेबलवर येतात. त्यांच्या रक्तातला ऑक्सिजनचा साठा निम्म्यावर असतो आणि सॅच्युरेशन मात्र तेच १०० दिसतं.

१. मशीन आणि सर्किट

रुग्ण आत येण्याआधी हे संपलेलं असावं.

ऑक्सिजनचा प्रवाह मिनिटाला १० लिटर किंवा जास्त ठेवा. चार लिटरवर सोडलेल्या सर्किटमध्ये रुग्ण स्वतःचाच सोडलेला नायट्रोजन परत घेत राहतो. क्लोज्ड सर्किट वापरत असाल तर मास्क लावण्याआधीच ते ऑक्सिजनने भरून घ्या. सर्किट, कॅनिस्टर (कार्बन डायऑक्साइड शोषणारा डबा) आणि बॅग मिळून त्यात कित्येक लिटर खोलीतली हवा असते. मास्कचं तोंड हाताने बंद करा, फ्लशने बॅग भरा, रिकामी करा, पुन्हा भरा. हे केलं नाही तर तुमच्या तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट सर्किट धुण्यात जातं.

बेन सर्किटवर स्वतः श्वास घेणाऱ्या माणसाला त्याच्या मिनिट व्हेंटिलेशनच्या (मिनिटभरात घेतलेल्या एकूण हवेच्या) दुप्पट-तिप्पट प्रवाह लागतो. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत अजून बेनवर बरंच काम चालतं. तिथे रोटामीटर (वायूचा प्रवाह दाखवणारी नळी) जितका देईल तितका प्रवाह द्या आणि तीन मिनिटांवर समाधान मानू नका.

यानंतर तीन गोष्टी डोळ्यांनी बघा, हाताने तपासा. एक, एपीएल व्हाल्व (सर्किटमधला जादा वायू बाहेर सोडणारी झडप) पूर्ण उघडा आहे का. सकाळी गळती तपासताना तो बंद केलेला असतो आणि तसाच राहतो, मग रुग्णाला श्वास सोडता येत नाही. दोन, बॅग आणि व्हेंटिलेटर यांतलं बटण बॅगकडे आहे का. तीन, नायट्रसचा (नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचा) नॉब बंद आहे का, आणि गॅस मॉनिटरवर आत जाणारा ऑक्सिजन खरोखर १०० च्या जवळ पोहोचतोय का. साध्या हवेत तो २१ दाखवायला हवा. पाइपलाइनच्या दुरुस्तीनंतर नळ्यांची अदलाबदल होऊन ऑक्सिजनच्या जागी दुसराच वायू आल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. रोटामीटरचा बॉबिन (आतला तरंगणारा तुकडा) वर गेला म्हणजे ऑक्सिजन येतोय, असं धरून चालू नका.

सिलिंडरवर काम असेल तर गेज वाचा. ऑक्सिजन सिलिंडरमध्ये वायुरूपात असतो, त्यामुळे दाब निम्मा म्हणजे साठा निम्मा. नायट्रसचं तसं नसतं. तो द्रवरूप असतो आणि द्रव संपेपर्यंत गेज जवळपास तसंच राहतं. भरलेल्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतात, लहान बी टाइपमध्ये सुमारे १,५००. मिनिटाला १० लिटरने बी टाइप अडीच तास पुरतो. पहिली केस संपत आली की गेज पुन्हा बघा. सिलिंडर बदलणाऱ्या मामांनाही आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी पाना शोधावा लागू नये.

२. रुग्णाची स्थिती

आपल्या टेबलांवर रुग्णाला सरळ आडवं पाडायची सवय आहे. आडवं पडलं की पोटातले अवयव डायफ्रामला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) वर ढकलतात आणि एफआरसी कमी होते. जो साठा आपण भरणार आहोत त्याचं मापच लहान होतं. रक्तदाब ठीक असेल तर डोक्याकडची बाजू २० ते २५ अंश वर करा. यासाठी महागडं काही लागत नाही. टेबलचं हँडल फिरवायचं, किंवा मावशींना सांगून उशा लावून घ्यायच्या.

स्थूल माणसाला रॅम्प करा. बाजूने बघितल्यावर कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत यायला हवी. नुसती डोक्याखाली उशी देऊन हे होत नाही. पाठ आणि खांद्यांखालीही चादरींचा उतार लागतो. रुग्ण शुद्धीत असतानाच करा. नंतर शंभर किलोच्या माणसाला उचलायला चार माणसं मिळत नाहीत.

३. रुग्णाशी बोला

मास्क बघितला की बहुतेक रुग्णांना वाटतं, आता गॅस देणार. टीव्हीवर तसंच बघितलेलं असतं. मग ते श्वास रोखून धरतात, मान वळवतात, किंवा उगाच जोरजोरात श्वास घेऊन घाबरे होतात. मास्क लावण्याआधी चार वाक्यं बोलायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट द्या.

‘काकू, आता तोंडावर मास्क ठेवते. यातून फक्त ऑक्सिजन येतो, यानं झोप लागणार नाही. थोडा प्लास्टिकचा वास येईल. नेहमी घेता तसाच श्वास घ्या, घाई नाही. भूल हातातल्या सुईतून देणार आहे, आणि द्यायच्या आधी तुम्हाला सांगेन.’

हे मास्क लावण्याआधी बोलायचं, कारण नंतर त्यांना उत्तर देता येत नाही. ‘काही त्रास वाटला तर हात वर करा,’ हेही सांगा. डोळे मिटून घेतले की काहींना बरं वाटतं, काहींची भीती त्याने वाढते. त्यांनाच विचारा. खूप घाबरलेल्यांना आधी मास्क त्यांच्याच हातात द्या, स्वतः चेहऱ्याजवळ आणू द्या, दोन-चार श्वासांनंतर तुम्ही धरा. मात्र घट्ट बसल्यापासूनच वेळ मोजायला सुरुवात करा.

फेंटानिल किंवा मिडॅझोलम (श्वास मंद करू शकणारी वेदनाशामक आणि गुंगीची औषधं) आधी देऊन मग ऑक्सिजन सुरू करणं मला योग्य वाटत नाही. श्वास मंद झाला की नायट्रोजन धुण्याचं कामही मंदावतं. आधी ऑक्सिजन चांगला सुरू होऊ द्या.

४. मास्क घट्ट बसवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते दिसत नाही म्हणून होतं.

श्वास आत घेताना माणूस क्षणभर मिनिटाला ३० लिटर किंवा त्याहून जास्त वेगाने हवा ओढतो. तुम्ही देताय १० लिटर. मधला फरक बॅगेतल्या साठ्यातून भरून निघतो, पण मास्क घट्ट असेल तरच. कड जरा उचललेली असली तरी हवेला बॅगेपेक्षा तिकडून येणं सोपं असतं, आणि प्रत्येक श्वासात खोलीतली हवा, म्हणजे ७८ टक्के नायट्रोजन, आत जातो. चेहऱ्यापासून बोटभर वर धरलेला मास्क बघणाऱ्याला सौजन्याचा वाटतो. त्याने सॅच्युरेशन १०० होतं आणि फुप्फुसं अर्धीमुर्धीच भरतात. रुग्णाला गुदमरू नये म्हणून मास्क दूर धरायचा नाही. त्यासाठी वरची पायरी आहे: बोलणं.

घट्ट बसला आहे का, हे असं ओळखा:

- प्रत्येक श्वासाबरोबर बॅग आत-बाहेर हलते. स्थिर बॅग म्हणजे गळती.
- कॅप्नोग्राफवर प्रत्येक श्वासाला माथा सपाट असलेला चौकोनी आलेख येतो. बुटके, तिरके आलेख म्हणजे गळती.
- बॅग फुगलेली राहते. ती पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय.
- गॅस मॉनिटरवर सोडलेल्या श्वासातला ऑक्सिजन चढत जातो.

कानावरही लक्ष ठेवा. गळती असेल तर नाकाच्या दोन्ही बाजूंना किंवा गालाशी बारीक फुसफुस ऐकू येते.

दाढी असेल तर आदल्या दिवशी विनंती करा. काढायची नसेल तर दाढीवर जेल लावून किंवा पारदर्शक चिकटपट्टी लावून गळती कमी करता येते. दात नसलेल्या आजोबांचे गाल आत जातात. त्यांची कवळी घट्ट बसत असेल तर मास्क लावून श्वास देईपर्यंत तोंडात राहू द्या, लॅरिंगोस्कोपी करताना काढा. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असेल तर तिच्या बाजूची कड बोटाने दाबावी लागते. नाकातली चमकी किंवा नथ वॉर्डातच काढून यायला हवी, ते आदल्या संध्याकाळच्या भेटीत सांगा. नखांवरची गडद मेंदी आणि नेलपॉलिश यांनी ऑक्सिमीटर फसू शकतो, तेही तेव्हाच बघा. प्रोब कानाला लावता येतो.

एका हाताने जमत नसेल तर दोन्ही हातांनी धरा. लाज वाटून घेऊ नका. रुग्ण जागा असतो, म्हणून हनुवटीच्या हाडाला बोटांनी आधार द्या, खालच्या मऊ भागात बोटं रुतवू नका. दोन्ही हात गुंतले की औषधं सिनियर किंवा सिस्टर देतील. मास्क ठेवून औषधं भरायला वळणं, हे मात्र करू नका.

५. किती वेळ, किती श्वास

वेळ असेल तर तीन मिनिटं नेहमीचा श्वास. हीच पद्धत सगळ्यात भरवशाची. हॅमिल्टन आणि ईस्टवूड यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं, की दोन ते तीन मिनिटांत फुप्फुसातला ९५ टक्के नायट्रोजन निघून जातो. दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) असेल तर फुप्फुसाचे काही भाग सावकाश भरतात. तिथे पाच मिनिटं किंवा जास्त लागू शकतात.

घाई असेल, उदाहरणार्थ बाळाचे ठोके पडले आहेत आणि सिझेरियन लगेच करायचं आहे, तर आठ मोठे श्वास, एका मिनिटात, १० लिटरच्या प्रवाहावर. ‘मोठा श्वास घ्या… सोडा,’ असं म्हणत प्रत्येक श्वास पूर्ण सोडायला लावा. बराका आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या पद्धतीचा अभ्यास केला. चार मोठे श्वास अर्ध्या मिनिटात, ही आणखी जुनी पद्धत. तिच्यात रक्तातला ऑक्सिजन चढतो, पण श्वास थांबल्यावर सॅच्युरेशन तीन मिनिटांच्या पद्धतीपेक्षा लवकर पडतं. अगदीच नाइलाज असेल तेव्हाच वापरा.

मधे मास्क निघाला, रुग्णाने खोकून तो बाजूला केला, कुणी ‘नाव काय म्हणालात?’ विचारायला उचलला, तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजा. साध्या हवेचे दोन-तीन श्वासही भरलेला साठा पातळ करतात.

६. पुरेसं झालं, हे कशावरून ठरवायचं

गॅस मॉनिटर असेल तर प्रश्नच नाही. सोडलेल्या श्वासातला ऑक्सिजन, म्हणजे एन्ड-टायडल ऑक्सिजन, ९० टक्क्यांना पोहोचला की फुप्फुसं भरली. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या सूचनांत हे लक्ष्य ८७ ते ९० टक्के दिलं आहे. १०० होत नाही, कारण सोडलेल्या श्वासात पाचेक टक्के कार्बन डायऑक्साइड असतोच.

तीन मिनिटं झाली आणि आकडा ७० वरच अडकला आहे, तर वेळ वाढवण्याआधी मास्क तपासा, मग प्रवाह, मग सर्किट. गळतीवर पाच मिनिटं घालवली तरी आकडा वर जात नाही.

गॅस मॉनिटर नसेल तिथे तीन गोष्टी एकत्र हव्यात: हलणारी बॅग, कॅप्नोग्राफवर चौकोनी आलेख, आणि सलग तीन मिनिटं. कॅप्नोग्राफही नसेल तर बॅगेवरची नजर हटवू नका.

७. औषध दिल्यापासून नळी जाईपर्यंत

प्रोपोफॉल (भुलीचं औषध) गेलं, डोळे मिटले, की हाताला मास्क बाजूला करायची घाई होते. थांबा. शेवटचे काही श्वास अजून चालू असतात आणि जीभ मागे पडू लागते. मास्क घट्ट ठेवूनच जबडा वर उचला. नेहमीच्या केसमध्ये बॅगेने श्वास देत राहा आणि रिलॅक्सन्टचा (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा) परिणाम पूर्ण होऊ द्या. पोट भरलेलं असेल, रॅपिड सिक्वेन्स (पोटातलं वर येऊ नये म्हणून भूल देऊन झटपट नळी टाकणं) असेल, तर जोरात बॅग दाबायची नाही. सॅच्युरेशन पडण्याची भीती असेल तर २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाखाली हलके श्वास देता येतात. हा निर्णय सिनियरचा.

नाकातून ऑक्सिजन चालू ठेवणं ही स्वस्त आणि उपयोगी गोष्ट आहे. श्वास थांबला तरी रक्त मिनिटाला २५० मिलीच्या आसपास ऑक्सिजन शोषत राहतं. उलट बाजूने फुप्फुसात फार थोडा कार्बन डायऑक्साइड येतो. त्यामुळे आत किंचित ओढ तयार होते आणि वरच्या श्वासमार्गातला वायू खाली सरकतो. तो वायू ऑक्सिजन असेल, तर साठ्यात भर पडत राहते. अट एकच, श्वासमार्ग उघडा हवा. म्हणून जबडा उचललेला ठेवा. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या सूचनांतही नळी टाकताना नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन द्यायला सांगितलं आहे.

प्रॉन्ग्जची नळी मास्कच्या कडेखालून जाते आणि तिथेच गळती होऊ शकते, हा यातला सापळा. लावल्यावर बॅग हलतेय का पुन्हा बघा. गळत असेल तर प्रॉन्ग्ज कपाळावर ठेवा आणि मास्क काढल्याक्षणी नाकात सरकवा. जागेपणी १५ लिटर नाकात सोडू नका, फार झोंबतं. पाचच्या आसपास ठेवा, भूल लागल्यावर वाढवा. कार्बन डायऑक्साइड मात्र यात साठतच जातो. पहिल्या मिनिटात झपाट्याने, मग मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर पारा या वेगाने. म्हणून याला श्वास देण्याचा पर्याय समजू नका.

लॅरिंगोस्कोपी सुरू झाली की एक जण सॅच्युरेशन मोठ्याने सांगेल, असं आधीच ठरवा. बोटावरचा ऑक्सिमीटर मागे असतो. हात थंड असेल, रक्तदाब कमी असेल, तर अर्ध्या मिनिटाहूनही मागे. पडद्यावर ९२ दिसतं तेव्हा खरा आकडा त्याच्याही खाली गेलेला असू शकतो, आणि ९० च्या खाली घसरण फार वेगाने होते. भारतीय सूचनांनुसार पुढचा प्रयत्न सॅच्युरेशन ९५ किंवा जास्त असेल तरच करायचा. त्याखाली जातंय असं दिसलं की ब्लेड बाहेर काढा, मास्क लावा, ऑक्सिजन द्या, मदत बोलवा. ‘दिसतंय, एक सेकंद,’ असं स्वतःला किंवा सिनियरला सांगू नका.

८. ज्यांचा साठाच लहान आहे

*गर्भवती.* गर्भाशय डायफ्रामला वर ढकलतं, एफआरसी २० टक्के किंवा जास्त घटते, आणि ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. भरतं लवकर आणि संपतंही लवकर. उजव्या नितंबाखाली उशी देऊन किंवा टेबल डावीकडे झुकवून गर्भाशय बाजूला करा. मास्क घट्ट, प्रवाह भरपूर, नाकात प्रॉन्ग्ज. सर्जन आणि प्रसूतीची सिस्टर घाई करतील, त्यांची घाई खरी असते. तरी हे एक मिनिट सोडायचं नाही. पोट साफ करून ड्रेप लावेपर्यंत ते मिनिट मिळतंच, रुग्ण टेबलवर घेतल्याबरोबर मास्क लावायचा.

*स्थूल.* डोकं वर, रॅम्प, आणि एपीएल थोडा बंद करून ५ ते १० सेंटिमीटर पाण्याचा सीपॅप, म्हणजे श्वासमार्गात सतत ठेवलेला हलका दाब. झोपेत घोरणं, मधेच श्वास थांबणं असं घरचे सांगत असतील तर हे नक्कीच.

*बाळं आणि मुलं.* तान्ह्या बाळाची ऑक्सिजनची गरज दर किलोला प्रौढाच्या दुप्पट असते. पूर्ण भरूनही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं सॅच्युरेशन दीडेक मिनिटात ९० वर येतं. भरायला वेळ कमी लागतो, दोन मिनिटांच्या आत होतं, पण रडणाऱ्या बाळावर मास्क दाबून धरल्याने काही साधत नाही. आईच्या मांडीवर सुरुवात करू देत असतील तर करा. श्वास थांबल्यावर हलके श्वास देत राहणं इथे जास्त महत्त्वाचं.

*न्यूमोनिया, सेप्सिस, आयसीयूचा रुग्ण.* इथे फुप्फुसाचा काही भाग हवेला बंद असतो. साध्या मास्कने कितीही ऑक्सिजन दिला तरी तो भाग भरत नाही, दाब लागतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रीऑक्सी चाचणीत अमेरिकेतल्या १,३०१ अत्यवस्थ रुग्णांत साधा ऑक्सिजन मास्क आणि नॉन-इन्व्हेजिव्ह व्हेंटिलेशन (नळी न घालता मास्कमधून दाबाने श्वास देणं) यांची तुलना झाली. नळी टाकताना सॅच्युरेशन धोकादायक पातळीवर जाण्याचं प्रमाण मास्कवर १८.५ टक्के होतं, व्हेंटिलेशनवर ९.१ टक्के. आपल्या आयसीयूत बायपॅप (असा दाब देणारं यंत्र) असेल तर नळी टाकायच्या आधीच लावा. रुग्ण भ्रमात असेल, मास्क ओढून टाकत असेल, तर थोडं केटामिन देऊन शांत करायचं, ऑक्सिजन भरायचा आणि मगच रिलॅक्सन्ट द्यायचा, अशी पद्धत आहे. ती सिनियर सोबत असतानाच.

नॉन-रिब्रीदिंग मास्क १५ लिटरवरही पूर्ण १०० टक्के देत नाही, कारण कडेने हवा येते. अँबू बॅग नुसती चेहऱ्यावर धरून ठेवली तर काही बॅगांत बाहेरची हवा ओढली जाते. श्वास सोडायच्या बाजूला झडप आहे का बघा, आणि मास्क घट्ट धरा.

सीओपीडीच्या रुग्णाला जास्त ऑक्सिजन नको, हे वॉर्डातलं वाक्य इथे लागू होत नाही. काही मिनिटांनी त्याचा श्वास तुम्हीच देणार आहात. पूर्ण भरा. ब्लिओमायसिन घेतलेला कॅन्सरचा रुग्ण आणि पॅराक्वाट (तणनाशक) प्यायलेला रुग्ण, या दोघांबाबत मात्र आधी सिनियरशी बोला. तिथे जास्त ऑक्सिजन फुप्फुसाला घातक ठरू शकतो.

९. नळी गेल्यावर

कॅप्नोग्राफवर सलग आलेख दिसेपर्यंत नळी गेली असं म्हणायचं नाही. चांगला ऑक्सिजन भरलेल्या माणसात नळी अन्ननलिकेत असली तरी सॅच्युरेशन कित्येक मिनिटं १०० राहू शकतं. भरलेला साठा इथे चूक झाकून ठेवतो.

शुद्ध ऑक्सिजनने भरलेले फुप्फुसाचे लहान भाग ऑक्सिजन शोषला गेल्यावर मिटतात, कारण त्यांना उघडं ठेवणारा नायट्रोजन निघून गेलेला असतो. हे टाळायला म्हणून आधीचा ऑक्सिजन कमी करू नका. नळी बसल्यावर फुप्फुसं एकदा सावकाश फुगवा, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकणारा थोडा दाब) लावा आणि आत जाणारा ऑक्सिजन गरजेपुरता खाली आणा.

भूलनोंदीत लिहा: मास्क घट्ट बसला का, किती मिनिटं दिला, एन्ड-टायडल ऑक्सिजन किती होता, सगळ्यात कमी सॅच्युरेशन किती झालं. या रुग्णाला पुढच्या वेळी भूल देणाऱ्याला याच चार ओळी सगळ्यात आधी लागतील.

शस्त्रक्रिया संपल्यावर नळी काढण्याआधी हेच पुन्हा करायचं असतं. शंभर टक्के ऑक्सिजन, सक्शन, डोकं वर, मग नळी बाहेर आणि लगेच मास्क. रिकव्हरीत नेण्याआधी ट्रॉलीखालच्या सिलिंडरचं गेज वाचा.